यहूदाची खुर्ची

अहो, ऐकलंत का? तुमची खुर्ची आता मानाची झाली.

हसताय ना? हसा. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि तेवढ्यात आपल्या चर्चच्या मंडळीनं तुम्हाला पार संत करून टाकलंय. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला मात्र गुरुवारपासून मान वर करवत नाही.

आज शनिवार. काल उत्तम शुक्रवार झाला, उद्या पुनरुत्थानाचा दिवस. तुम्ही म्हणायचा, "मधल्या शनिवारी प्रभूला पण ड्यूटी न्हाय." म्हणून आज घरात बसून तुमच्याशी बोलते आहे. उद्या पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळे दफनभूमीत येतील, मीही येईन. पण गुरुवारी काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय तुमच्या कबरीपुढं उभं राहायची माझी छाती नाही. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी मला पहिल्यापासून बोलू द्या. मधे मधे "पुढं सरका, पुढं सरका" करू नका. कंडक्टरची नोकरी संपून इतकी वर्षं झाली, पण ती सवय शेवटपर्यंत गेली नाही तुमची.

दर वर्षी पवित्र गुरुवारी वेदीपुढं बारा खुर्च्या मांडायच्या. बाराजणांनी बसायचं, पाळकसाहेबांनी कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यावर यायचं आणि प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे त्या बाराजणांचे पाय धुवायचे. पहिली खुर्ची थोरल्या शिष्याची, पेत्राची, म्हणून तिच्यासाठी पंचांमध्ये आधीपासून ओढाताण. आणि शेवटची, दाराकडची, ती यहूदाची. असं कुठंही लिहिलेलं नाही. पाळकसाहेबांनी किती वेळा सांगितलं की सगळ्या सारख्या. पण आपल्या लोकांच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. ज्यानं प्रभूला धरून दिलं त्याच्या जागी कोण बसणार? मग पुण्याहून आलेला एखादा पाहुणा नाहीतर कुणाचा नवा जावई धरायचा आणि गोड बोलून तिथं बसवायचा. बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागायचा नाही.

मग सामूचं ते प्रकरण झालं. चर्चच्या मागच्या जागेचा दावा कोर्टात चालला होता आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मंडळीच्या विरुद्ध साक्ष दिली. का दिली, खरी दिली का खोटी, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. मला एवढंच दिसलं की दुसऱ्या रविवारी बायका माझ्याकडं बघून बोलायच्या थांबल्या. आणि त्या वर्षीच्या गुरुवारी खुर्च्या मांडताना मागून कुणीतरी म्हणालं, "शेवटची सामूभाऊंना ठेवा, हक्काची आहे त्यांची." सगळे हसले. सामू तिथंच होता, सतरंजी अंथरत होता. त्यानं सतरंजीचं टोक खाली ठेवलं, चपला घातल्या आणि गेला. नंतर त्यानं बिऱ्हाडच मोहोळला हलवलं.

मी काय केलं? मीही हसले. हसले नसते तर मी त्याची बहीण आहे हे सगळ्यांना आठवलं असतं.

त्या संध्याकाळी उपासना सुरू झाली आणि शेवटच्या खुर्चीत तुम्ही! तुमचं नाव बाराजणांत नव्हतंच. खाकी पँट, वर घाईघाईत चढवलेला पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की सीट मिळाली म्हणून बसलो. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. घरी आल्यावर मी फाडफाड बोलले. "सगळं सोडून यहूदाच्या जागी? लोक काय म्हणतील?" तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलात आणि म्हणालात, "कुणीतरी बसायला पायजे की. घंगाळात पाणी तर बाराजणांचं काढलं हुतं."

त्यानंतर दर वर्षी तुम्ही तिथंच. लोकांना सोयच झाली. पाहुणे फसवायचं काम उरलं नाही. बायका मला हाक मारून विचारायच्या, "काय वहिनी, आमचे यहूदा आले का?" त्यांची थट्टाच असायची, पण माझ्या पायाची आग मस्तकात जायची. दरवेळी वाटायचं, या माणसाला आपल्या बायकोच्या अब्रूची काही पडलेलीच नाही.

आणि ते तुमचे पाय! तीस वर्षं गाडीत उभं राहून टाचांना पडलेल्या त्या भेगा. बाकीच्या अकरा जणांचे पाय कसे असायचे बघितलं होतंत ना? घरून साबणानं धुऊन, नखं कापून, वर पावडर मारून. सेक्रेटरीसाहेबांच्या मिसेसनी तर एकदा त्यांच्या पायांना गुलाबपाणी लावलं होतं. पाळकसाहेबांना धुवायला काही शिल्लकच राहायचं नाही. आणि तुम्ही? एका वर्षी करकंबच्या गाडीवरनं उतरून थेट चर्चमध्ये. पाळकसाहेबांनी तांब्या ओतला आणि घंगाळातलं पाणी चहासारखं झालं! मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. पाळकसाहेब मात्र इतके खूश झालेले दिसले, जणू त्यांना खूप वर्षांनी काहीतरी काम मिळालं. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या वर्षीपासून मी ठरवलं. आदल्या दिवशी, बुधवारी, तुम्हाला मोरीत स्टुलावर बसवायचं, गरम पाण्यात पाय भिजवायचे आणि वजरी घेऊन टाचा घासायच्या. तुम्ही ओरडायचा, "अगं बास की, हाड लागलं आता!" मी म्हणायची, "गप बसा. उद्या चारचौघांत माझी शोभा नको." वर खोबरेल तेल चोळायचं. सकाळी पुन्हा बघायचं की भेगा दिसतात का. इतकी वर्षं हे चाललं. तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत. ओरडायचा, पण बुधवार आला की स्वतःच स्टूल मोरीत नेऊन ठेवायचा.

आपलं भांडण खरं तर पायांचं नव्हतंच. ते प्रभूचं होतं. मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत शिकले, मग शिकवलं. माझा प्रभू मोठा, तेजस्वी, वादळाला गप्प करणारा. त्याच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली जावा असा. तुम्ही मंद्रूपहून लग्न करून मला आणलंत तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना एकच काळजी, की हा माणूस प्रार्थनेतसुद्धा 'हाय' आणि 'न्हाय' म्हणतो. आणि प्रभूबद्दल तर असा बोलतो की जणू कालच याच्या गाडीत बसून अक्कलकोटला गेला. "त्या शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं की त्यानं. जिला गावात कुणी इचारत नव्हतं तिच्याकडं. तुज्याकडं आला असता तर तू आधी भांडं घासून दिलं असतंस." असं बोलायचं का हो बायकोला?

एकदा मी खूप चिडून विचारलं, "यहूदाचे पाय प्रभूनं धुतले, ते तो प्रभू होता म्हणून. तुम्ही कोण लागून गेलात?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मी कुटं धुतोय? मी तर बसतोय. धुणारा दुसरा हाय."

"मग काय वाटतं तिथं बसून? मोठेपणा?"

"न्हाय. लई लाज वाटती. बसल्याबिगर कळायचं न्हाय तुला."

मी म्हटलं, माझ्यावर ती वेळ येणार नाही.

आणि ते माशांचं. मेलेल्यातून उठल्यावर प्रभूनं काय केलं, हे तुमचं सगळ्यात आवडतं. "क्रुसावर देणाऱ्या त्या पिलाताच्या दारात जाऊन उभा ऱ्हायला का, की बघ, मी हाय? न्हाय. समुद्राच्या काठाला गेला, विस्तव केला, मासं भाजलं. कुणासाठी? त्याला धरल्यावर जी पळून गेली हुती त्या शिष्यांसाठी. रात्रभर जाळं टाकून दमली असतील म्हणून. एक शब्द टाकून बोलला न्हाय. 'या, खावा' म्हणाला." हे सांगताना तुमचे डोळे भरायचे आणि मी भाजीत चमचा ढवळत म्हणायची, "सामूचं नाव काढू नका." तुम्ही त्याचं नाव काढलेलंच नसायचं.

तुम्ही मोहोळला जायचा, मला ठाऊक होतं. "जाऊन येतो" एवढंच सांगायचा. परत आलात की पिशवीत शेंगाची चटणी असायची, जाडसर कुटलेली, आमच्या आईच्या हातची होती तशी. ती कुणी दिली हे मी विचारायची नाही आणि तुम्ही सांगायचा नाही. पण त्या दिवशी मी अर्धी भाकरी जास्त खायची, आणि तुम्ही ताटाकडं न बघता ती वाढायचा. माझा एवढा हट्ट सांभाळलात तुम्ही. त्याबद्दल जिवंतपणी एक गोड शब्द बोलले नाही मी.

आता गेटाचं सांगते. हे बोलायला मला सगळ्यात जड जातंय.

तुम्हाला मातीत ठेवलं त्या दुपारी मी डोळे पुसायला मान वळवली आणि गेटाबाहेर सामू दिसला. आत आला नव्हता. लिंबाच्या सावलीत उभा होता, डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरलेला, केस पार पांढरे. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, लोक एकेक करून पुढं येऊन मूठमाती देऊ लागले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी तो आला असता. सगळी मंडळी होती, पंच होते, बायका होत्या. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली बघितलं. परत वर बघितलं तेव्हा गेटात कुणी नव्हतं. तुमचा जीव होता हो त्याच्यावर. आणि तुमच्या कबरीवर गावच्या सगळ्यांची माती पडली, त्याची नाही.

एवढं करून मी घरी येऊन भेटायला येणाऱ्यांना सांगत होते की आमचे हे अगदी प्रभूच्या पावलावर पाऊल टाकून जगले.

मग सोमवारी सेक्रेटरीसाहेबांचा फोन. "वहिनी, यंदा कमिटीनं ठरवलंय. भाऊंच्या स्मरणार्थ शेवटच्या खुर्चीला पांढरं कव्हर, हार, मागं नावाची पट्टी. आणि तिथं बसायला, तुम्हाला खोटं वाटेल, चार जण तयार आहेत! शेवटी मीच बसायचं ठरलं." मी काय म्हटलं असेल? "प्रभूची स्तुती असो" म्हटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं जिनं खाली बघायला लावलं त्या खुर्चीनं आता मला मान दिला. मी नवी पांढरी साडी इस्त्रीला टाकली. दोन दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

बुधवारी आंघोळीला गेले तर मोरीच्या कोनाड्यात वजरी. हात आपोआप तिकडं गेला. आणि मग लक्षात आलं की घासायला पाय नाहीत. तिथंच स्टुलावर बसून मी इतकी रडले की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

गुरुवारी पाचची उपासना. महिला मंडळाची म्हणून मी चारलाच गेले. बघते तर तुमच्या खुर्चीला सॅटिनचं कव्हर, मोगऱ्याचा हार, बाजूला तुमचा फोटो, त्याच्यापुढं उदबत्तीच तेवढी लावायची बाकी होती! सेक्रेटरीसाहेब बसून बघत होते, फोटोग्राफर सांगत होता, "साहेब, पाय जरा पुढं." चकचकीत पाय. मग एक पंच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, भाऊंमुळं या खुर्चीचा डाग गेला बघा."

डाग गेला! अहो, माझं डोकंच फिरलं. तुम्ही ती खुर्ची पुसायला बसत होता का? तुम्ही बसत होता, कारण ज्याच्यासाठी ती ठेवली होती त्याला आम्ही हाकललं होतं. यांनी तिला कव्हर चढवलं, आणि मी कव्हराची इस्त्री नीट आहे का ते बघत होते! मी म्हटलं, "साहेब, ती पट्टी काढा. हार काढा. आणि ती खुर्ची बाकीच्यांत मिसळून टाका, कुठली कुठली ते कळायला नको." "वहिनी, तुम्ही दुःखात आहात," ते म्हणाले. मी म्हटलं, "दुःखात आहेच. पण हे दुःखातलं बोलणं नाही." आणि पर्स उचलून निघाले. स्टँडवर मोहोळची गाडी लागलेलीच होती.

गाडीत बसल्यावर मात्र पुन्हा माझी जुनी खोड. मनात सगळं ठरवत गेले. सामूच्या दारात जायचं, मोठ्या बहिणीसारखं म्हणायचं, झालं गेलं विसरू, मी तुला माफ केलं. वाटलंच तर घंगाळ मागायचं आणि आज गुरुवार आहे म्हणून त्याचे पाय धुवायचे. केवढी मोठी गोष्ट करायला निघाले होते मी! तुम्ही शेजारी असता तर तिकीट फाडता फाडता हसला असता.

मोहोळच्या स्टँडवरून त्याचं घर लांब आहे. रिक्षा मिळाली नाही. उन्हानं तापलेल्या मातीतून चालत गेले, पांढऱ्या साडीच्या काठाला फुफाटा, पाय घोट्यापर्यंत मातीनं भरलेले. दिवे लागायच्या आधी पोहोचले. सामूनं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई? एवढ्या उन्हाची चालत आलीस? थांब, आत येऊ नको. आधी पाय धू."

आपल्याकडं कुणी बाहेरून आलं की म्हणतात तसंच म्हणाला. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. तांब्या आणला. मी वाकायला गेले, तर माझे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत. "राहू दे, तुला जमायचं नाही," म्हणून त्यानं पायरीवर खुर्ची ओढली, मला बसवलं, आणि खाली बसून एका हातानं पाणी ओतत दुसऱ्या हातानं माझ्या टाचेची माती काढायला लागला. पाणी पायरीवरून मातकट होऊन वाहत होतं. माफ करायला आले होते ना मी!

शेवटी कसंबसं म्हटलं, "सामू, आज वार कुठला?"

"गुरुवार," म्हणाला. आणि त्याचा हात थांबला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझे पाय पुसले.

"गेटात तुला बघितलं मी त्या दिवशी," मी म्हटलं. "बघून मान खाली घातली."

"ठाऊक आहे, ताई."

"शिव्या तरी दे मला."

"दाजींनी शिकवल्या नाहीत," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो. मग त्यानं सांगितलं. तुम्ही त्याला म्हणायचा म्हणे, "गुरुवारचं पाय धुणं नावाला. आमच्या घरी ते बुधवारीच हुतं. तुजी ताई खाली बसून माजे पाय घासती, तवा मला वाटतं, आता पाळकसाहेबाला काय काम उरलं न्हाय."

अहो, असं कसं म्हणालात? मी लाजेनं घासत होते. लोक हसतील म्हणून. तुमच्या भेगा दिसू नयेत म्हणून. माझ्या हातात प्रेम कुठं होतं त्या वेळी? आणि तुम्ही मोहोळला जाऊन माझ्या भावाला माझी अशी गोष्ट सांगत होता, की त्याच्या मनात मी वाईट राहू नये. त्याला माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, आणि मला त्याच्याबद्दल एक सरळ शब्द नाही. मधे तुम्ही, पिशवीत चटणी घेऊन, त्या लाल गाडीनं येत-जात होता.

तुमचं खरं होतं. तिथं बसल्याबिगर कळत नाही. लई लाज वाटती.

सामूच्या बायकोनं जेवायला वाढलं. भाकरी आणि चटणी. "घे ताई, खा," म्हणाली. दुसरं काही बोलली नाही. मला तुमचे ते मासे आठवले, आणि पहिल्यांदा चमचा ढवळत बसायला भाजी नव्हती.

उद्या पहिल्या गाडीनं सामू येतोय. मी त्याला घ्यायला स्टँडवर जाणार आहे आणि गेटातून त्याचा हात धरून आत आणणार आहे, सगळ्या मंडळीच्या देखत. कोण काय बोलेल ते बोलू दे. त्याच्या हातची मूठमाती द्यायची राहिली आहे. उशीर झालाय, पण तुम्ही कधी कुणाला उशिरा आला म्हणून गाडीतून उतरवलं नाहीत.

वजरी अजून कोनाड्यात आहे. मी तिला हात लावलेला नाही. माझ्या टाचांनाही भेगा आहेत हो, इतकी वर्षं तुमच्याच बघत राहिले. उद्या पाय आहेत तसेच घेऊन येते.